आमदाराच्या ऑफिसात बसून कर आणि बँकांवर प्रश्न कसा लिहायचा

“जीएसटीमुळे गोव्यातले छोटे हॉटेलवाले अडचणीत आलेत हे सरकारला ठाऊक आहे काय?” असा प्रश्न पर्वरीला, म्हणजे गोवा विधानसभेत, गेला की उत्तर काय येणार ते खात्यातला क्लार्कसुद्धा चहा पिता पिता सांगेल. “नाही.” पुढचं पोटकलम असतं, “असल्यास सरकार कोणती पावलं उचलणार?” उत्तर, “प्रश्न उद्भवत नाही.” संपलं. आमदाराचा एक नंबर फुकट गेला, पेपरात दोन ओळी आल्या नाहीत, आणि हॉटेलवाला परत फोन करतोय की सर, आमचं काय झालं.

काही वर्षं एका आमदाराच्या ऑफिसात प्रश्न ड्राफ्ट करायचं काम केलंय, त्यावरून हे लिहितोय, आमदारांच्या ऑफिसात नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी आणि ज्या सीए, व्यापारी, पंच लोकांना “हा प्रश्न टाका ना” म्हणून आमदाराच्या हातात कागद द्यायचा असतो त्यांच्यासाठी पण. माझं म्हणणं एवढंच की कर आणि पैशाच्या विषयावर मत विचारायचं नाही, कागद आणि आकडा मागायचा, आणि तोही असा बांधून मागायचा की हो-नाही म्हणून सुटताच येऊ नये. भाषण करायला लक्षवेधी आहे, शून्य तास आहे, बजेटवरची चर्चा आहे, तिथं करा काय ते.

आधी बघा विषय कुणाच्या घरचा

निम्मे प्रश्न इथंच मरतात. इन्कम टॅक्सवर किंवा रिझर्व्ह बँकेवर पर्वरीत प्रश्न टाकला तर विधिमंडळ सचिवालय तो दाखलच करून घेणार नाही, कारण राज्य सरकार त्याला जबाबदार नाही. राज्याच्या हातात सरळसरळ काय आहे, तर पेट्रोल-डिझेलवरचा आणि दारूवरचा व्हॅट, अबकारी, स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन फी, वाहन कर, २००९ च्या कायद्याचा इन्फ्रास्ट्रक्चर टॅक्स, २०१३ च्या कायद्याचा ग्रीन सेस, खनिजाची रॉयल्टी वसूल करणं (मुख्य खनिजांचा दर मात्र केंद्र ठरवतं). घरपट्टी पंचायत-पालिकांची, पण खातं पंचायत संचालनालय किंवा नगरविकास, म्हणजे तिथंही प्रश्न घालता येतो.

जीएसटी अर्धी आपली. दर केंद्र आणि राज्यांची मिळून असलेली जीएसटी कौन्सिल ठरवते, पण एसजीएसटीचं (राज्याच्या जीएसटीचं) नोटिफिकेशन राज्याच्या राजपत्रात निघतं, वसुलीचा अर्धा भाग राज्याचा, आणि कौन्सिलमध्ये गोव्याची एक खुर्ची आहे. लोकांना वाटतं एवढंसं राज्य, तिथं कोण विचारतो, पण मतदानाचा हिशेब बघा: केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि राज्यांचं वजन आपापसात सारखं, म्हणजे गोव्याचं मत आणि उत्तर प्रदेशाचं मत एकाच वजनाचं. आता खरं सांगायचं तर मतदानापर्यंत गोष्ट जातच नाही, लॉटरीच्या दरावर २०१९ च्या डिसेंबरात झालं तेवढंच, बाकी सगळं सहमतीने. पण सहमती दिली कुणी, कशाच्या जोरावर, हे विचारायचा हक्क आपल्या आमदाराला आहेच. “दर कमी करा” हा प्रश्न होत नाही. “दर ठरताना तुम्ही काय बोललात, कागद दाखवा” हा होतो.

कसिनोच्या बाबतीत अजून एक गंमत. लायसन्स आणि लायसन्स फी गृह खात्याकडे, जीएसटी अर्थ खात्याकडे. मंत्री एकच असला तरी फाइल वेगळी, त्यामुळे दोन्ही एका प्रश्नात कोंबलं की एक खातं म्हणणार “दुसऱ्या भागाशी आमचा संबंध नाही”. दोन वेगळे प्रश्न टाका आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचा.

आकडे कुठून काढायचे

प्रश्न टाकायच्या आधी तुम्हाला उत्तर थोडंफार माहीत पाहिजे. नाहीतर मंत्री काय देईल ते घ्यावं लागतं.

पहिलं म्हणजे बजेटची पुस्तकं. अर्थमंत्र्यांचं भाषण बाजूला ठेवा, त्यात घोषणा असतात. महसुलाचं तपशीलवार पुस्तक घ्या आणि हेड नंबर पाठ करा. राज्याचा जीएसटी ०००६, स्टॅम्प आणि रजिस्ट्रेशन ००३०, अबकारी ००३९, व्हॅट ००४०, वाहन कर ००४१, खाणींची रॉयल्टी ०८५३. प्रत्येक हेडसमोर तीन प्रकारचे आकडे असतात, बजेट अंदाज, सुधारित अंदाज, आणि प्रत्यक्ष जमा. भाषणात बोलला जातो तो पहिला. प्रश्न तिसऱ्यावर विचारायचा. आणि प्रश्नात हेड नंबर लिहिला की “महसुलात वाढ झाली” असलं गोल उत्तर देता येत नाही, कारण त्या नंबरचा आकडा फाझेंदमध्ये, म्हणजे लेखा संचालनालयात, पडलेला असतो आणि खात्यातल्या लोकांनाही कळतं की विचारणारा पुस्तक उघडून बसलाय.

दुसरं, कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक. राज्यांचे महिन्याचे हिशेब कॅगच्या साइटवर येतात, हे किती जण बघतात देव जाणे. वर्षाचे रिपोर्ट घटनेच्या कलम १५१ प्रमाणे राज्यपालांमार्फत विधानसभेपुढे येतात, त्यात महसुलाच्या थकबाकीचा भाग असतो, तो आधी काढा. कॅगने एकदा लिहिलेलं असेल तर मंत्र्याला ते नाकारता येत नाही, फार तर “कार्यवाही चालू आहे” म्हणता येतं, आणि मग तुम्ही त्या कार्यवाहीच्या तारखा मागायच्या.

तिसरं, जुने एलएक्यू, म्हणजे विधानसभेत विचारलेले प्रश्न. विधानसभेच्या साइटवर मागच्या अधिवेशनांची प्रश्नोत्तरं असतात, तासभर बसून शोधा. तीन फायदे. तोच प्रश्न परत टाकून नंबर वाया जात नाही, खातं माहिती कुठल्या फॉर्मॅटमध्ये ठेवतं ते कळतं, आणि मागच्या मंत्र्याने दिलेला शब्द सापडतो. आरटीआय पण आहे, दहा रुपयांत, पण तीस दिवस लागतात, त्यामुळे अधिवेशनाची चाहूल लागायच्या आधीच अर्ज गेलेला पाहिजे.

आता एक खड्डा, ज्यात पेपरवाले पण पडतात. दर महिन्याला केंद्राकडून राज्यवार जीएसटी कलेक्शन जाहीर होतं, गोव्याच्या नावापुढे काहीशे कोटी दिसतात आणि लगेच चर्चा सुरू की एवढे पैसे आले. तो आकडा गोव्यात गोळा झालेल्या सगळ्याचा असतो, त्यात केंद्राचा सीजीएसटी आहे, राज्याराज्यांतल्या व्यवहारावरचा आयजीएसटी आहे. तिजोरीत येतो तो एसजीएसटी अधिक आयजीएसटीच्या सेटलमेंटमधला आपला वाटा. प्रश्नात “सेटलमेंटनंतरचा एसजीएसटी” असे शब्द स्पष्ट लिहा. तसंच जून २०२२ पर्यंत राज्यांना जीएसटी भरपाई मिळत होती, ती वेगळी मागा, नाहीतर २०२१-२२ आणि २०२३-२४ ची तुलना करताना भाताच्या वाटीत वाळू मिसळल्यासारखं होतं, काही वेगळं काढता येत नाही.

आता प्रश्न लिहू

वरच्या हॉटेलवाल्याचंच घेऊ, कारण गोव्यात ह्याच्याएवढा चालता विषय दुसरा नाही. पार्श्वभूमी अशी. कौन्सिलची ३७ वी बैठक २० सप्टेंबर २०१९ ला आपल्याच गोव्यात झाली, तिथं खोल्यांचे दर खाली आले, हजार ते साडेसात हजारपर्यंत १२ टक्के, त्यावर १८, हजाराच्या आत शून्य. मग जुलै २०२२ मध्ये हजाराच्या आतली माफी गेली, तिथंही १२ आले. आणि ५६ व्या बैठकीनंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, पण इनपुट क्रेडिट नाही. टुरिस्टला वाटतं स्वस्त झालं. गेस्ट हाऊसवाला म्हणतो, एसी घेतला, रिपेरी केली, लाँड्रीचं बिल भरलं, त्यावरचा जीएसटी आधी वळता व्हायचा तो आता माझ्या खिशातून. दोघांचंही बरोबर असू शकतं, ते आकड्यानेच कळेल.

मी असं लिहीन (सॅक कोड म्हणजे जीएसटीतला सेवेचा नंबर, इथं हॉटेलच्या खोल्यांचा):

अर्थमंत्र्यांनी खालील माहिती द्यावी.
(अ) सॅक कोड ९९६३११ खाली नोंदणी असलेले राज्यातले करदाते किती, वॉर्डवार, ३१ मार्च २०२५ रोजी आणि आजच्या तारखेला;
(ब) १ एप्रिल २०२४ पासून या करदात्यांनी रोख भरलेला एसजीएसटी आणि क्रेडिटमधून वळता केलेला एसजीएसटी, महिनावार, दोन्ही वेगळे;
(क) रु. ७,५०० पर्यंतच्या खोल्यांवर क्रेडिटशिवाय ५ टक्के दर आणण्याच्या प्रस्तावावर राज्य सरकारने कौन्सिलच्या ५६ व्या बैठकीपूर्वी किंवा बैठकीत लेखी मत दिलं असल्यास त्याची प्रत;
(ड) या बदलाचा राज्याच्या महसुलावर होणारा परिणाम कुठल्या अधिकाऱ्याने, कुठल्या तारखेला काढला, आणि तो आकडा किती.

बघा, ह्यात “त्रस्त”, “अन्याय”, “लूट” असा एक शब्द नाही. नियमच तसा आहे, प्रश्नात आरोप, टोमणे, तर्क, मत नको, आणि असलं काही दिसलं की सचिवालयाला प्रश्न कापायला आयतं कारण मिळतं. राग सगळा पुरवणीत, म्हणजे उत्तरानंतर सभागृहात विचारायच्या जोडप्रश्नांत, काढा.

वॉर्डवार का, तालुकावार का नाही? कारण व्यावसायिक कर खात्याचं काम पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को अशा वॉर्ड ऑफिसांतून चालतं, ते माहिती तशी ठेवतात. तुम्ही मतदारसंघवार मागितली की “अशा स्वरूपात माहिती ठेवली जात नाही” हे उत्तर तयार. अबकारीला उलट, तिथं तालुक्याची एक्साइज स्टेशनं आहेत, तिथं तालुकावार मागा. खातं ज्या रकान्यात लिहितं त्याच रकान्यात मागायचं, हे नवीन माणसाला कुणी सांगत नाही.

(ब) मध्ये रोख आणि क्रेडिट वेगळं मागितलंय ते मुद्दाम. हॉटेलवाल्याची तक्रार खरी की खोटी ते तिथंच दिसणार, दर बाराचा पाच झाला आणि तरी रोखीची रक्कम वाढली तर मंत्र्याला उत्तर द्यावं लागेल, नाही वाढली तर आपल्याला आपल्या हॉटेलवाल्याला सांगावं लागेल. दोन्हीची तयारी ठेवा.

आणि कुठल्याही एका करदात्याचं नाव घालू नका. सीजीएसटी कायद्याचं कलम १५८ आहे, रिटर्नमधली माहिती उघड करायला अधिकाऱ्याला मनाई, गोव्याच्या जीएसटी कायद्यातही तेच कलम. “अमुक कसिनोने किती भरला” विचारलं की हे कलम तोंडावर फेकतात. “ऑफशोअर कसिनो या वर्गाकडून एकूण किती” विचारा. हाच उपाय कोर्टातल्या विषयाला पण. कसिनोवर पूर्ण फेस व्हॅल्यूचा (चिप्ससाठी भरलेल्या सगळ्या रकमेचा) २८ टक्के १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० झाला, पण मागच्या वर्षांच्या नोटिसा कोर्टात गेल्या. नोटीस बरोबर की चूक असं विचारलं की न्यायप्रविष्ट म्हणून प्रश्न बाद. पण १ ऑक्टोबर २०२३ च्या आधीच्या बारा महिन्यांत आणि नंतरच्या बारा महिन्यांत ह्या वर्गाकडून एसजीएसटी किती जमा झाला, ह्यात न्यायप्रविष्ट काय असणार? गोवा सरकार २०२३ मध्ये कौन्सिलमध्ये फेस व्हॅल्यूऐवजी ग्रॉस गेमिंग रेव्हेन्यूवर (जिंकणाऱ्यांना देऊन कसिनोकडे उरतं त्यावर) कर लावा म्हणून मांडत होतं, ते कौन्सिलच्या इतिवृत्तात आहे, इतिवृत्तं साइटवर असतात, प्रिंट काढून फाइलला लावा.

पेट्रोलचा प्रश्न सोपा, त्यावर जास्त लिहीत नाही. व्हॅटचा दर नोटिफिकेशनने बदलतो, सभागृहात बिल येत नाही, म्हणून दर किती वेळा बदलला, नोटिफिकेशनची तारीख, विकलेले लिटर, ००४० खाली जमा, एवढे रकाने मागा. २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला होता ते सगळ्यांना आठवतं, नंतर तो टप्प्याटप्प्याने कसा वर चढला ते कुणाला आठवत नाही. तारखांची यादी मागितली की तीच बातमी होते.

तारांकित की अतारांकित

तारांकिताला सभागृहात तोंडी उत्तर आणि पुरवणी प्रश्न, अतारांकिताला फक्त लेखी. नवीन आमदारांना सगळंच तारांकित हवं असतं, नाव पुकारलं जातं ना. पण प्रश्नोत्तराचा तास एकच असतो आणि यादीतले पहिले काहीच प्रश्न बोलले जातात, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवून मोकळे. म्हणून ज्याला जाडजूड परिशिष्ट लागणार, दहा वर्षांचे तक्ते, वॉर्डवार याद्या, ते अतारांकित टाका. ते उत्तर हातात आलं की त्यातल्या एकाच विचित्र आकड्यावर पुढच्या वेळी तारांकित. असं जोडीने चालवलं तर काम होतं.

अधिवेशन बोलावल्याचं कळलं की सचिवालयाकडून खात्यांचे गट आणि प्रत्येक गटाचे वार असलेलं पत्रक येतं, ते त्याच दिवशी भिंतीला चिकटवा. अर्थ खात्याच्या वाराचे नोटिसा द्यायचे शेवटचे दिवस लाल पेनने. बहुतेक वर्षं मार्चमध्ये बजेट आणि जुलैच्या पावसाळी अधिवेशनात खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा असा क्रम असतो, त्यामुळे मोठे अतारांकित पावसाळीला टाकायचे, म्हणजे मागण्यांच्या चर्चेला ते हातात असतात. आमदाराची सही आधीच घेऊन ठेवा, शेवटच्या दिवशी ते नेमके कुठल्या तरी जत्रेला असतात.

सभागृहात उभं राहिल्यावर

पुरवणी घरी लिहायची. तीन, चार, आणि क्रमाने. उत्तर सभागृहात उघडलं की त्यातलं कुठलं उत्तर आलं त्याप्रमाणे कुठली पुरवणी ते आमदाराला बाणाने दाखवून द्या, मोठ्या अक्षरात, कारण उभं राहिल्यावर बारीक अक्षर कुणाला दिसत नाही.

समजा (ड) चं उत्तर आलं, “असा अभ्यास केलेला नाही.” मग:

आमदार: “सभापती महोदय, अभ्यास नाही तर मान्यता कशाच्या आधारावर दिली?”
मंत्री: “हा निर्णय राज्याचा नाही, कौन्सिलचा आहे.”
आमदार: “कौन्सिलमध्ये गोव्याच्या मताचं वजन कुठल्याही मोठ्या राज्याएवढंच आहे. ते मत ठरवताना खात्याची नोट फाइलवर होती का, एवढंच सांगावं.”
मंत्री: “तपासून सांगतो.”
आमदार: “कधीपर्यंत? तारीख द्यावी, आणि नोट असेल तर ती पटलावर ठेवावी.”

इथं थांबायचं. खरंच थांबायचं. आमदाराला सगळ्यात कठीण हेच जातं, कारण मंत्री अडकलेला दिसला की भाषण करावंसं वाटतं, दोन मिनिटं भाषण झालं की सभापती म्हणतात प्रश्न विचारा, गोंधळ होतो, आणि मंत्री “तपासून सांगतो” बोलला होता हेच सगळे विसरतात. ते दोन शब्द रेकॉर्डवर आले म्हणजे ते आश्वासन झालं, त्याची किंमत पुढे सांगतो.

बँका, पतसंस्था आणि अडकलेल्या ठेवी

आर्थिक नियमनाचा विषय आपल्याकडे म्हणजे लोकांच्या अडकलेल्या ठेवी. म्हापसा अर्बनचं लायसन्स रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये रद्द केलं, मडगाव अर्बनचं जुलै २०२१ मध्ये. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख, त्याआधी एक लाख होती. सामान्य ठेवीदाराचं त्या पाच लाखात भागतं, प्रश्न राहतो त्याच्या वरच्यांचा, आणि त्यात कोण असतात माहीत आहे? देवस्थानं. कोमुनिदादी (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्था). पंचायती. सोसायट्या. त्यांचे पैसे एकाच खात्यात ढिगाने असतात आणि विमा मात्र पाच लाखांपर्यंतच.

विधानसभेत बँकेवर प्रश्न टाकला की ठरलेलं उत्तर, “बँकिंग हा केंद्राचा विषय आहे.” म्हणून बँकेवर टाकायचाच नाही. राज्याच्या हातात जे आहे त्यावर टाका. राज्यातल्या किती पंचायती, महामंडळं, अनुदानित संस्था आणि देवस्थानांच्या ठेवी लायसन्स रद्द झालेल्या बँकांत अडकल्या, प्रत्येकाची रक्कम, आतापर्यंत परत मिळालेली रक्कम. ठेव ठेवायला परवानगी कुणी दिली. पोलिसांच्या इकॉनॉमिक ऑफेन्सेस सेलकडे तक्रारी किती, गुन्हे किती नोंद, आरोपपत्रं किती. ह्यातलं एकही केंद्राकडे ढकलता येत नाही.

पतसंस्था अजून वेगळी गोष्ट. बोर्डावर “क्रेडिट सोसायटी” लिहिलेलं असतं, आत काउंटर बँकेसारखं, पासबुक बँकेसारखं, एजंट दुकानात येऊन पिग्मी घेऊन जातो, आणि लोकांना वाटतं ही बँकच. रिझर्व्ह बँकेचं लायसन्स नाही, पाच लाखांचा ठेव विमा नाही, काही नाही. ती गोव्याच्या २००१ च्या सहकार कायद्याखाली, निबंधकाच्या अखत्यारीत (मल्टिस्टेट असेल तर २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली, तिचा निबंधक दिल्लीत, हे आधी तपासून घ्या नाहीतर प्रश्न परत येतो). सहकारमंत्र्यांना विचारायचं: ठेवी घेणाऱ्या पतसंस्था किती, त्यातल्या कितींचं ऑडिट मागच्या तीन वर्षांत वेळेत झालं, ऑडिटचा वर्ग काय, “ड” वर्ग मिळालेल्यांवर काय कारवाई, प्रशासक कधीपासून, लिक्विडेटर कधीपासून आणि त्याने किती वसूल केलं. ऑडिट वर्गाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. संस्था बुडाल्यावर सगळे ओरडतात, वर्ग मात्र दोन-तीन वर्षं आधीच खाली गेलेला असतो आणि तो कागद निबंधकाच्या कपाटात असतो.

एका गोष्टीला जपा. चालू असलेल्या संस्थेचं नाव घेऊन “बुडणार आहे काय” असं विधानसभेत विचारलं तर दुसऱ्या दिवशी तिच्या दारात रांग लागेल आणि धड असलेली पण बुडेल. आमदाराला कलम १९४ खाली सभागृहातल्या बोलण्याबद्दल कोर्टाचं संरक्षण आहे, रांगेतल्या म्हातारीला कसलंच नाही. नाव न घेता वर्गवार यादी मागा, यादीत नाव आपोआप येतं.

उत्तर आलंच नाही तर

“माहिती गोळा केली जात आहे.” हे सगळ्यांचं आवडतं उत्तर. चिडू नका, तारीख लिहून ठेवा आणि सचिवालयाला पत्र द्या की माहिती कधी येणार. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीकडे जातो, तिथं खात्याच्या सचिवाला बोलावून विचारतात, हळू चालतं पण चालतं. उत्तरातला आकडा कॅगच्या आकड्याशी जुळत नसेल तर सभापतींना लेखी कळवून खुलासा मागा, मुद्दाम चुकीची माहिती दिली असं दाखवता येत असेल तरच विशेषाधिकार भंगाची नोटीस, उठसूट नको, तिची धार जाते.

पावसाळी अधिवेशनात कपात सूचना (खात्याची मागितलेली रक्कम कमी करा अशी सूचना) हे सगळ्यात कमी वापरलं जाणारं चांगलं हत्यार. लोक सगळ्याच मागण्यांवर एकाच मजकुराच्या कपात सूचना देतात, त्याला काही अर्थ नाही. व्यावसायिक कर खात्याच्या मागणीवर एकच द्या, तुमच्याच अतारांकिताच्या उत्तरातला थकबाकीचा आकडा घालून. मंत्र्याला उत्तराच्या भाषणात त्यावर बोलावं लागतं. शुक्रवारी खासगी ठराव असतात, तिथं “कौन्सिलच्या प्रत्येक बैठकीपूर्वी राज्याची भूमिका सभागृहासमोर ठेवावी” असा ठराव आणता येईल. मंजूर होणार नाही बहुतेक, पण मंत्र्याला का नाही ते सांगावं लागेल. लोकलेखा समितीवर आपला माणूस असेल तर त्याच्या हातात परिशिष्ट द्या, तिथं कॅगच्या रिपोर्टवर अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारता येतं, कॅमेरा नसतो म्हणून लोक खरं बोलतात.

दिल्लीला पाठवायचा असेल तर

इन्कम टॅक्स, रिझर्व्ह बँक, सेबी, विमा, हे सगळं खासदाराकडून. लोकसभेत आपले दोन, राज्यसभेत एक. लोकसभेचा हिशेब असा: पंधरा पूर्ण दिवस आधी नोटीस, प्रश्न दीडशे शब्दांच्या आत, एका खासदाराच्या एका दिवसासाठी पाचच नोटिसा, दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित, आणि नंबर सोडतीत लागतो. अर्थ मंत्रालयाला गर्दी प्रचंड, त्यामुळे तारांकिताच्या आशेवर राहू नका.

गोव्याचा म्हणून खास प्रश्न कुठला टाकाल? १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ५ए. पोर्तुगीज सिव्हिल कोडखालच्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न अर्धं अर्धं दोघांच्या रिटर्नमध्ये जातं, म्हणून आपल्या रिटर्नला वेगळं शेड्युल असतं. पण बँक व्याजावर टीडीएस कापते ती एकाच्याच पॅनवर. मग क्रेडिट जुळत नाही, नोटीस येते, आणि बंगळुरूच्या प्रोसेसिंग सेंटरमधल्या माणसाला हे प्रकरण समजावता समजावता सीएचा अर्धा दिवस जातो. देशात गोवा, दमण-दीव, दादरा नगर हवेली सोडून हे कलम कुणाला लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या राज्याचा खासदार हा प्रश्न टाकणारच नाही. विचारायचं ते असं: कलम ५ए लागू असल्याचं नमूद केलेली रिटर्न्स किती, वर्षवार, त्यातल्या किती रिटर्न्सना टीडीएस न जुळल्यामुळे सूचना गेल्या, टीडीएस दोन पॅनवर विभागण्याची सोय देण्याचा प्रस्ताव आहे का, असल्यास कुठल्या टप्प्यावर. २०२५ चा नवीन प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे आणि कलमांचे नंबर बदललेत, म्हणून प्रश्नात जुन्या कायद्याचं कलम आणि नवीन कायद्यातली त्याला समांतर तरतूद दोन्ही लिहा, नाहीतर नुसत्या नंबरच्या घोळावर प्रश्न परत पाठवतील.

उत्तर आलं की पीडीएफ ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं नाही. परिशिष्ट एक्सेलमध्ये टाइप करून घ्या, बेरजा करून बघा, खात्याच्या तक्त्यातल्या बेरजा चुकलेल्या असतात आणि तीच कधी कधी पुढची पुरवणी असते. एलएक्यू नंबर, तारीख, मंत्र्याचे नेमके शब्द, दिलेली मुदत एका वहीत. पुढच्या अधिवेशनाला तेच रकाने, तेच हेड, फक्त तारीख पुढे सरकवून परत टाका, म्हणजे दोन उत्तरं जुळतात की नाही ते बघता येतं, आणि हॉटेलवाल्याला फोन तुम्हीच आधी करा.